पाकिटातला कागद

गणपतीत आत्याकडे गेले होते. तिला चष्मा सापडेना, म्हणून तिने फडताळातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढायला सांगितला. चष्मा त्यात नव्हता. रेशनकार्ड, लाइटची बिलं, देवळाच्या वर्गणीच्या पावत्या, आणि त्यांच्याखाली हाडांच्या गोळ्यांची पाकिटं. आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी, पट्टीत चार. एका पट्टीतल्या दोन गोळ्या संपलेल्या, बाकी सगळ्या पट्ट्या जशाच्या तशा. पाकिटातला बारीक अक्षरांचा पातळ कागद मात्र उघडून उघडून मऊ झाला होता आणि त्यातल्या एका ओळीखाली कुणीतरी निळ्या पेनाने रेघ ओढली होती. "बाबल्यान वाचून दाखवल्यान," आत्या म्हणाली. "जबड्याचा हाड सडता म्हणान लिवलाहा. छातीत जळजळता ता तर मियाच भोगलंय. मगे कित्याक घेव गो?" मी काही बोलणार तेवढ्यात तिनेच पुढे विचारलं, "आणि ता कंपनीवालेच लिवतत ना? मगे ता खोटा कसा असात?"

खोटं नाहीच ते. तिथेच मी अडकले.

घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण माझ्या पर्समध्ये त्याच सुमाराला माझा स्वतःचा एक रिपोर्ट घडी घालून ठेवलेला होता. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, वय एक्कावन्न. आईचा खुबा मोडलेला, म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरांनी माझीही डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घेतली. पाठीच्या मणक्याचा टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी ताडून पाहिलेला आकडा, उणे २.६. उणे एकपर्यंत ठीक, तिथून उणे अडीचच्या मधे हाडं विरळ होऊ लागलेली, आणि उणे अडीच किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ही हद्द आखली. मी हद्दीच्या जराशी पलीकडे. हाडांच्या डॉक्टरांनी आत्याचीच गोळी लिहून दिली. स्त्रीरोगाच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या गरम वाफा, रात्रीची ओली उशी, तीन वाजता उडणारी झोप हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुमच्यासाठी आधी हॉर्मोनचा विचार करूया. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावरच्या दोन दवाखान्यांत. परत येताना गगनबावड्याला चहाला गाडी थांबली तेव्हा मुंबईच्या बहिणीला फोन केला. ती एकदम म्हणाली, "हॉर्मोन? वेडी आहेस का? कॅन्सर होतो त्याने." नवरा शेजारी गप्प बसून होता. करूळ घाट उतरून वैभववाडी येईपर्यंत तो काही बोलला नाही, मग म्हणाला, "पण आईंचे ते दिवस आठवतात का तुला?"

आठवतात. आषाढ होता. आमच्या घरापासून विहिरीकडे जाणारी पाखाडी जांभ्या दगडाची, आणि पावसात तिच्यावर हिरवं शेवाळ धरतं. आई त्या पायऱ्या जन्मभर चढली-उतरली, डोक्यावर दोन हंडे घेऊन. त्या दिवशी तिच्या हातात फक्त तांदळाचं धुवण होतं, आळवाला घालायला निघाली होती. पडण्याचा आवाजसुद्धा मोठा झाला नाही. तिला खुर्चीत बसवून वाडीतल्या चार मुलांनी खाली रस्त्यापर्यंत आणली, कारण वर गाडी येत नाही. मग कोल्हापूरपर्यंतचा तो रस्ता, पाऊस, धुकं, आणि प्रत्येक खड्ड्याला तिचं दातांवर दात धरणं. ऑपरेशन चांगलं झालं. ती वाचली, आणि ही लहान गोष्ट नाही, कारण म्हातारपणी खुबा मोडलेल्या माणसांतली साधारण पाचांत एक वर्षभरात जाते, असं जगभरचा अनुभव सांगतो. पण वॉकर आला आणि तिचं जग ओटीपासून न्हाणीघरापर्यंत आलं. विहिरीवर जाणं संपलं, कुणकेश्वराची जत्रा संपली, शेजारच्या घरी उठून जाणंही संपलं.

मला जास्त लागतं ते त्याच्या आधीचं. त्याआधी बरीच वर्षं आई लुगडं नेसताना कमरेला एक जादा घडी खोचायची. निऱ्या जमिनीला लागतात म्हणून. कापड वाढत नाही, माणूस कमी होतं, हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. मणके आतल्या आत दबत होते. एखाद दिवशी पाठ धरायची, ती तेल लावायची, चार दिवसांनी उठायची. पाठीला बाक आला तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं. तीही म्हणाली. त्या वर्षांत तिला एकाही डॉक्टरने उंची मोजून पाहिली नाही, आणि उंची मोजायला तर भिंत आणि पेन्सिल पुरते.

आमच्या अंगणाच्या गडग्यातला जांभा हातात घेऊन पाहिला तर तो भोकाभोकांचा असतो, तरी भिंत धरून ठेवतो. हाडाचं आतलं अंग तसंच जाळीदार असतं. म्हणजे जाळी हा दोष नाही. जाळीच्या काड्या बारीक होत तुटू लागल्या की घात. शरीर जन्मभर जुनं हाड कुरतडून काढतं आणि तिथे नवं भरतं. कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालायचं मोठं काम इस्ट्रोजेन हे बायकांच्या अंगातलं हॉर्मोन करतं. पाळी जाते तेव्हा ते कमी पडतं आणि तो आवर सुटतो. काढण्याचा वेग वाढतो, भरण्याचा त्याला पुरा पडत नाही, आणि पाळी जाण्याच्या आसपासच्या पहिल्या काही वर्षांत हाड सगळ्यांत झपाट्याने जातं. त्या वर्षांत काहीही दुखत नाही. वाफा जाणवतात, झोप गेलेली जाणवते, चिडचिड घरच्यांनाही जाणवते. हाडाचं जाणं कुणालाच जाणवत नाही.

मी आधी खाण्याकडे वळले. आमच्याकडे प्रत्येक दुखण्याचं उत्तर चुलीवर शोधतात आणि मला ते आवडतंही. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पेडवे काट्यासकट खाल्ले की तेही पोटात जातं, तीळ आहेत, ताक आहे. पण माझ्या आजीच्या आणि आईच्या पानात काय पडायचं तेही मी पाहिलंय. पुरुष जेवले, पोरं जेवली, मग बायका. उरलेलं सांबारं, शेपटीकडचा तुकडा, आणि दूध असेल तर ते चहापुरतं. हाडांची पुंजी साधारण तिशीपर्यंत साठते, आणि नेमक्या त्याच वर्षांत आमच्या घरातल्या बायका उरलेल्यावर जेवत होत्या, पाठोपाठ बाळंत होत होत्या, वर्ष वर्ष अंगावर पाजत होत्या. आता पन्नाशीत नाचणीचं सत्त्व पिऊन ती सगळी पुंजी परत भरेल, अशी आशा मी धरत नाही. नाचणी खावी, चालावं, रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासावं. किनाऱ्यावर एवढं ऊन असूनही ते कमी निघतं, माझंही निघालं. हे सगळं पाया म्हणून हवंच. पण आवर सुटलेल्या पेशींना भाकरी आवरत नाही.

मग उरली दोन औषधं आणि दोन कागद.

आत्याच्या गोळीचं नाव अलेंड्रोनेट. अमेरिकेत ती १९९५ मध्ये या आजारासाठी मंजूर झाली, म्हणजे माझ्या नोकरीइतकी जुनी. या जातीच्या औषधांचा पूर्वी एक उपयोग पाण्याच्या पाइपात क्षाराचा थर बसू नये म्हणून व्हायचा. हाडातल्या खनिजाला ती घट्ट चिकटतात आणि कुरतडायला आलेली पेशी तिथे निकामी होते. एकदा चिकटली की वर्षानुवर्षं हाडात राहतात, म्हणून पाचेक वर्षांनी डॉक्टर बऱ्याच जणींना सुट्टी देतात. जळजळीचं म्हणाल तर ही गोळी अन्ननलिकेला चिकटली की तिथे भाजतं. म्हणून ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही. आता आत्याची सकाळ पाहा. पाचाला उठते, चूल पेटवते, कोरा चहा घेते, आणि थंडीत पुन्हा घटकाभर वाकळीत शिरते. गोळी तिने चहाच्या घोटाबरोबर घेतली आणि आडवी झाली. गोळी देणाऱ्याने तिला एवढंच सांगितलं होतं की सोमवारी घ्या. पेलाभर पाणी आणि अर्धा तास बसणं, हे दोन वाक्यांचं काम होतं. ती दोन वाक्यं कुणी बोललं नाही आणि म्हणून एक चालण्यासारखं औषध डब्यात जाऊन पडलं, याचा मला अजून राग येतो.

जबड्याचं हाड मरतं हेही खरं. त्याची पहिली मोठी नोंद २००३ मधली. पण ते बहुतेक कॅन्सरच्या रुग्णांत, ज्यांना हीच औषधं शिरेतून फार मोठ्या मात्रेत आणि वारंवार दिली होती. हाडं ठिसूळ झाली म्हणून जी मात्रा आपल्याला देतात, त्यात हे प्रमाण वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक एवढं धरतात. दात काढायचे असतील तर आधी काढून घ्यावेत, जखम भरू द्यावी, मग औषध सुरू करावं. दुसरी भीती मांडीच्या हाडाची: बरीच वर्षं हे औषध घेतलेल्या काही थोड्या जणींचं मांडीचं हाड साध्या चालण्यातही आडवं तडकतं. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याचा इशारा दिला. आशियाई बायकांत हे जास्त दिसतं, हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. तडकण्याआधी कित्येकींची मांडी किंवा जांघ आठवडे-महिने दुखत असते, आणि ते दुखणं कुणी विचारलं तर वेळेवर कळतं. औषध थांबवलं की हा धोका उतरतो. आणि या औषधांनी न मोडलेले खुबे त्या तडकलेल्या मांड्यांपेक्षा कितीतरी जास्त भरतात. याच जातीचं वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड. २००७ मध्ये त्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासात मणके मोडणं ७० टक्क्यांनी आणि खुबे मोडणं ४१ टक्क्यांनी कमी झालं होतं.

हॉर्मोनचा कागद याहून मोठा, आणि त्याची भीती तर आमच्या गावापर्यंत कागदाशिवाय पोचलेली. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतला एक प्रचंड अभ्यास मधेच थांबवला. सोळा हजारांहून जास्त बायका, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हॉर्मोनांच्या एकत्र गोळ्या. दर वर्षी दहा हजार जणींमागे स्तनाच्या कॅन्सरच्या ८ बायका जास्त, पक्षाघाताच्या ८ जास्त, हृदयविकाराच्या ७ जास्त, फुप्फुसात गुठळी गेलेल्याही ८ जास्त. आणि त्याच आकड्यांत, खुबा मोडलेल्या ५ कमी. बातमीत कॅन्सर आला, खुबा आला नाही. रातोरात जगभर बायकांनी गोळ्या टाकल्या, डॉक्टरांनी लिहिणं सोडलं. माझी बहीण जे म्हणाली त्याचं मूळ हे. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन बहुतेकींना दहा-बारा वर्षं झालेली, रक्तवाहिन्या तेवढ्याच जुन्या. नंतर वयाप्रमाणे आकडे वेगळे काढले तेव्हा दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं, तर तोल बराच वेगळा पडतो. कातडीतून जाणाऱ्या जेलमध्ये किंवा पट्टीत गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तर त्याच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचा काळ्या चौकटीतला, सगळ्यांत कडक, इशारा बराचसा काढायचं जाहीर केलं. म्हणजे आत्या ज्या कागदावर एवढा विश्वास टाकते तो कागदसुद्धा बदलतो, दोन दशकांनी का होईना.

तरी माझं मन एका जागी बसेना. मावशी स्तनाच्या कॅन्सरने गेली. तिच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी होते, ते दिवस कुठल्याही आकड्याने पुसले जात नाहीत. डॉक्टर मॅडमना मी हे सांगताना रडले. त्यांनी घाई केली नाही. मावशीला कोणत्या वयात झाला, आईला किंवा बहिणीला आहे का, कुणाला अंडाशयाचा आहे का, एकेक विचारत गेल्या. सत्तरीतली एकटी मावशी, बाकी कुणी नाही, तेव्हा दार बंद होत नाही, पण मॅमोग्राफी आधी आणि मग ठराविक काळाने परत, असं त्या म्हणाल्या. गर्भपिशवी आहे म्हणून इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागेल, नाहीतर पिशवीच्या अस्तराला कॅन्सरचा धोका, हेही सांगितलं. आणि हॉर्मोन थांबवलं की हाडाचा फायदा ओसरतो, तेव्हा पुढे दुसरं काहीतरी लागेल, हेही.

त्या शेवटच्या वाक्याने माझी गाठ सुटली. मी "हे की ते" म्हणून कुढत होते. प्रश्न "आत्ता काय आणि नंतर काय" असा होता. हाडात वर्षानुवर्षं राहणारं औषध एक्कावन्नाव्या वर्षी सुरू करून, सुट्टी घेऊन, साठीत पुन्हा विचार करत बसण्यापेक्षा, वाफाही छळताहेत अशी ही काही वर्षं हॉर्मोनवर काढावी आणि साठीच्या सुमाराला, पडण्याची खरी भीती सुरू होईल तेव्हा, आत्याच्या जातीचं औषध घ्यावं. माझ्यासाठी हा क्रम जुळला. आत्या अडुसष्ट वर्षांची, तिला आता नव्याने हॉर्मोन सुरू करण्यात अर्थ नाही. तिला सलाइन बरं. आईला खुबा मोडल्यावर तेच दिलं. पहिल्या वेळी दोन दिवस ताप आला, अंग मोडून निघालं, पॅरासिटामॉलने उतरलं. एकाच घरातल्या तीन बायका आणि तिघींची उत्तरं वेगळी. यात कुणी खरं-खोटं नाही.

काहीच न करण्याचा कागद मात्र कुठल्याच पाकिटात येत नाही. तो असता तर त्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: उंची कमी होणे, पाठीला बाक, न सांगता दबलेले मणके, शेवाळावरचं एक पाऊल, खुर्चीतून उतरवलेली आई. यातलं एकही "क्वचित" या सदरात गेलं नसतं. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत जगभरात साधारण तिघींत एकीचं ठिसूळपणामुळे कधी ना कधी हाड मोडतं. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा तिला लगेच पटलं नाही, आणि पटावं म्हणून मी जोरही केला नाही. औषधाने काही झालं तर ते आपण ओढवून घेतलं असं वाटतं. पडून मोडलं तर ते नशिबाचं. ही भावना माझ्याही आत आहे. रोज रात्री दंडावर जेल चोळताना एक क्षण मावशी आठवते, रोज. मी चोळते तरीही.

आता माझ्या मनात आहे ती आमच्या वाडीतली अंगणवाडी सेविका. तिची गर्भपिशवी अडतिसाव्या वर्षी काढली. तिच्या ओळखीत अशा कितीतरी आहेत. परवा मी माझं सांगत होते तर ती म्हणाली, "बाई, माझ्या तर वाफा केव्हाच येऊन गेल्या." ती त्रेचाळीसची आहे. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले असतील, तर तिचं हाड माझ्या कितीतरी आधी उतरणीला लागलं आहे. अशा बायकांना, दुसरी काही अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हॉर्मोन द्यावं असंच सगळे तज्ज्ञ सांगतात, आणि पिशवी नसल्याने तिला नुसतं इस्ट्रोजेन पुरेल. पिशवी काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं तो त्या अमेरिकन अभ्यासाचा दुसरा भाग, त्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नव्हता. हे तिला ऑपरेशन करणाऱ्याने सांगितलं नाही, टाके काढणाऱ्याने सांगितलं नाही, नंतर थकवा म्हणून दाखवायला गेली तिथे रक्ताच्या गोळ्या दिल्या. मी विचारलं, "अंडाशय काढलेत की ठेवलेत?" तिला माहीत नाही. नवऱ्याने सही केली होती. पुढच्या खेपेला मी मॅमोग्राफीला जाईन तेव्हा तीही बरोबर येणार आहे. डिस्चार्ज कार्ड माहेरी राहिलंय म्हणाली, तिच्या भावाला फोन करून मागवलंय. शनिवारी एसटीने पाठवतो म्हणाला.